उडायच्या आधीची सही

दादरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग होती. लेकीच्या जन्मदाखल्याच्या प्रती काढायला आलेली अनुजा तिला खांद्यावर थोपटत उभी होती. पुढे खाकी शर्टातला एक बस डेपोचा फिटर आणि त्याची बारावी झालेली मुलगी.

"पप्पा, विमानाच्या कोर्सच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. करा ना सही."

"बी.ई. कर म्हणतोय ना! ती पण विमानाचीच डिग्री आहे."

"ते डिझाइन करतात. मला दुरुस्त करायचंय."

"मग डेपोत ये. झोप माझ्यासारखी बसखाली, ग्रीस फासून."

"विमानाखाली झोपेन."

"मोठी आलीस! किती वर्षं?"

"दोनेक वर्षं कोर्स, सरकारी पेपर, हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या डेपोत, कामाचा अनुभव. मग लायसन्स."

"लायसन्स तुला कशाला? चालवणार पायलट."

"विमान उडायला फिट आहे, अशी सही लायसन्सवाला इंजिनिअर करतो. ती नसेल तर पायलट बसून राहतो."

"म्हणजे फोरमनची सही."

"फोरमनची नाही, पप्पा. माझी."





"सव्वीस वर्षं ब्रेक मी बसवतोय. सही फोरमनची."

"माहितेय. घरी रोज ऐकते."

"गप. दे तो फॉर्म. पेन कुठाय?"

"घरी राहिलं."

"विमानं दुरुस्त करणार म्हणे, आणि हत्यार घरी!"

अनुजाने पर्समधलं पेन पुढे केलं.

"थँक्यू हां, ताई."

"इथे करा, पप्पा. खाली."

"ओ काका, रांग आहे मागे!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"थांबा हो जरा. आणि तू पण थांब. सगळं वाचल्याशिवाय सही करायची नसते. लक्षात ठेव."