मारिसोलबद्दल मी खोटं बोललो

मंडळी, तुम्ही तळेगावातून आलात, कारंज्यावरून आलात. माझी सून मारिसोल मागच्या आठवड्यात अमेरिकेत आजारपणात वारली. तिच्यासाठी जमलात. मले बोलता येईल का, माहीत नाई. पण आज गप्प राह्यलो तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाई.

लग्न करून माझा मुलगा निखिल तिले घेऊन आला, तेव्हा तुम्ही आमच्या अंगणात जेवलात. मी सांगितलं होतं, पोरीचा बाप तिकडं मोठा इंजिनिअर आहे. खोटं होतं, मंडळी. तिचे आईबाप मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेले, तिथं संत्र्याच्या बागेत मजूर. मले माहीत होतं.

तुमच्यापैकीच कोणी म्हणालं, "गुरुजी, सून तं आपल्यासारखीच सावळी हाय!" मी हसलो. आतून जळलो. मले गोरी अमेरिका पाह्यजे होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या बागेत तोडणी होती. मारिसोल बायांमध्ये शिरली, भराभर संत्री तोडू लागली. तोडणीवरच्या शांताबाईनं विचारलं, "माय, हे कुठं शिकली व तू?" ती बोलली, निखिलनं मराठीत सांगितलं, "आईजवळ. आमचं अख्खं गाव याच कामावर उभं राह्यलं." मी ओरडलो, "बंद कर! हे काय सांगाची गोष्ट हाय?"

तिले शब्द कळले नाईत. चेहरा कळला. तिनं टोपली खाली ठेवली.

संध्याकाळी मी निखिलले म्हटलं, "खरी अमेरिकन नाई भेटली काय तुले?" तिनं त्याच्याकडून अर्थ विचारून घेतला. रागावली नाई. म्हणाली, "बाबा, आमच्या गावात आता गोऱ्यांच्या लग्नातही आमची गाणी वाजतात. शाळेच्या जेवणात आमची मक्याची पोळी असते. आई तिथं आली तेव्हा परकी होती. आज तिच्यासारख्यांना वगळून ते गाव ओळखू येईल का?"

जन्मभर भूगोल शिकवला मी. तरी मी उठून आत निघून गेलो.

ती पुन्हा आली नाई. पण दर दिवाळीले फोन करायची. मी म्हणायचो, "आवाज येत नाई," आणि फोन बायकोच्या हाती द्यायचो.

आवाज येत होता, मंडळी. स्पष्ट येत होता.

काल मी तिच्या वडिलांना फोन लावला. निखिल मधे भाषांतर करत होता. सगळं कबूल केलं. ते रडत राह्यले. मग एवढंच विचारलं, "तिथं तिच्यासाठी माणसं जमतील का?" मी म्हटलं, जमतील.

तुम्ही जमलात. माझी लायकी नव्हती. तिची होती.

आता तिच्यासाठी उभे राहू. मारिसोल, बेटा, हा सासरा तुले हात जोडतो.