सूर्यास्तापूर्वीची विहीर

ज्युली : म्हणजे ड्रोन उडवणारच नाहीस?

क्षितिजा : उडवणार ना, आंटी. सहापर्यंत. परवानगीत चार ते सहा आहे, आणि त्याखाली पोलीस स्टेशनच्या साहेबांनी स्वतःच्या पेनाने ‘सूर्यास्तापूर्वी’ असंही लिहिलंय.

ज्युली : सहाला इथून कोण हलतंय गो? बँडवाले आत्ता कुठे चहाला बसलेत. माझ्या प्रिन्सीची गॉडमदर, आग्नेस, हायवेवर अडकलीय. आणि गॉडमदरने पहिली कळशी ओढल्याशिवाय आमच्याकडे नवरीच्या आंघोळीचं पानी भरत नाहीत.

क्षितिजा : पण पत्रिकेवर ‘विहिरीचे पाणी, दुपारी चार’ असं छापलंय.

ज्युली : चार छापतात, निघतात सातला. सात छापलं तर कोण जेवणाआधी येणार नाही. माझ्या लग्नात तर पानी घरात आलं तेव्हा पोरं झोपली होती.

क्षितिजा : हे मला कोण सांगणार? मी चंदनसारच्या बिल्डिंगमधली. आमच्याकडे मुहूर्त टळला तर भटजी रागावतात. मी पत्रिका समोर ठेवली आणि अर्जात तीच वेळ भरली.

ज्युली : मग लाव त्या साहेबाला फोन. म्हण, सात कर.

क्षितिजा : सातला अंधार असतो, आंटी. अंधारात उडवायची परवानगी देणं पोलीस स्टेशनच्या हातातच नाही. हीच परवानगी तिसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा म्हणाले, जागेचा नकाशा जोडा. मी मोबाईलवर तुमच्या विहिरीभोवती लाल गोल काढला आणि प्रिंट मारून नेली.

ज्युली : आमच्या विहिरीचा नकाशा पोलीस स्टेशनात! सासरे असते तर अख्ख्या आळीला सांगत फिरले असते.

क्षितिजा : हसा तुम्ही.

ज्युली : हसू नको तर काय करू? सकाळपासून उभी आहे. बरं, ऐक. आमच्या पुतण्याकडे, कॅल्विनकडे, छोटासा ड्रोन आहे, तळहाताएवढा. त्याला म्हणे लायसन लागत नाही. सॅमीच्या लग्नात त्याने रात्री उडवला, कोण काय बोललं नाही.

क्षितिजा : लायसन लागत नाही हे खरं. पण पोलिसांचा मनाई आदेश आहे ना, तो लहानमोठं बघत नाही. आणि कॅल्विनला कुणी विचारलं नाही. मला विचारलं होतं.

ज्युली : तुला? कधी?

क्षितिजा : माझी सुरुची तीन महिन्यांची होती. हळदीचं शूट होतं. यजमान म्हणाले, परवानगी काढलीय, मी विश्वास ठेवला. पोलिसांची गाडी आली. संध्याकाळभर बाकावर बसले, पोरगी मांडीवर. तिथल्या एका ताईंनी फाईलींच्या कपाटामागे खुर्ची दिली, तिथे पाजलं. ड्रोन परत मिळाला, पण घरी सासूबाई अजून म्हणतात, लग्नं टिपायला गेली आणि चौकी बघून आली. आता मी कागद हातात आल्याशिवाय पंखे बसवत नाही.

ज्युली : तुझं बरोबर आहे, बाय. मी काय तुला चौकीत पाठवते का? पन त्याला काय सांगू?

क्षितिजा : काकांना?

ज्युली : रुडॉल्फला. जहाजावर बदलीचा मानूस आला नाही म्हणून त्याला उतरू दिलं नाही. पोरीचं लग्न, आणि बाप इंजिनरूममध्ये. मी म्हटलं, व्हिडीओ कॉल करते. तर म्हणाला, मोबाईलवर सगळ्यांची डोकी आणि डेकोरेशनच दिसतं. मला वरून दाखव. घर, गल्ली, विहीर. पानी आणायला नवरीचा बाप पुढे चालतो, मागे बँड. आज त्याच्या जागी कॅल्विन चालणार. रुडॉल्फने एवढंच मागितलं गो. दुसरं काय नाही.

क्षितिजा : मी आधी विचारायला हवं होतं, खरंच किती वाजता निघता.

ज्युली : आनि मी सांगायला हवं होतं. आम्हाला ते सांगायची गोष्ट वाटतच नाही. तुझा फोन वाजतोय.

क्षितिजा : हॅलो, आई? ... बाटली घेत नाहीये? ... कोमट आहे ना? ... चमच्याने द्या थोडं. ... हो, ऐकू येतंय तिचं. ... निघतेच मी. ... नाही आई, अजून उडवलाच नाहीये. ... ठेवते.

ज्युली : इकडे ये. हा नॅपकिन घे, आत खोच. कुडता ओला झालाय तुझा.

क्षितिजा : अय्या. कधीपासून?

ज्युली : आत्ताच, तिचा आवाज ऐकलास ना तेव्हा. प्रिन्सीच्या वेळी मी चर्चमध्ये मिस्साला बसायची आनि मागच्या बाकावर कोणाचंही पोर रडलं तरी माझं हेच. जा गो घरी. राहू दे. कॅल्विन काढेल मोबाईलवर.

क्षितिजा : आंटी, ऊन अजून आहे.

ज्युली : ऊन आहे, पन मानसं कुठे आहेत?

क्षितिजा : माणसं नकोतच. मी आत्ता उडवते. घरापासून विहिरीपर्यंत, सावकाश. रिकामी गल्ली.

ज्युली : रिकाम्या गल्लीत तो काय बघेल? कोंबड्या?

क्षितिजा : काकांनी घर, गल्ली, विहीर मागितलं ना? ते तरी देऊ. वरात कॅल्विन चालता चालता मोबाईलवर काढेल.

ज्युली : बघ बाई. मला काय सुचत नाही आता.

क्षितिजा : दारातल्या खुर्च्या तेवढ्या सरकवा. आणि पोरांना मांडवात धरून ठेवा, कुणी खाली धावायला नको. चला. जातोय वर.

(ड्रोनचा घूं घूं आवाज. मांडवातले लोक माना वर करतात. ज्युली मात्र क्षितिजाच्या हातातल्या पडद्यावर वाकलेली.)

ज्युली : हे आमचं घर? एवढं पुढे झुकलंय छप्पर?

क्षितिजा : वरून तसं वाटतं.

ज्युली : सावकाश ने. ही केळीची वाडी. हा क्रूस. इथे तो सायकलवरून पडला होता. लग्नाआधी, मला बघून. थांब, थांब जरा.

क्षितिजा : थांबलाय.

ज्युली : गल्ली झाडली कोनी?

क्षितिजा : तुम्हीच झाडत होतात, मी आले तेव्हा.

ज्युली : हो काय? खरंच. ... ती बघ विहीर. पानी चमकतंय. काठावर कळशी ठेवलीय प्रिन्सीची.

क्षितिजा : अजून खाली नेते. ... बास. ऊन उतरलं. परत आणते.

ज्युली : एवढंच?

क्षितिजा : एवढंच बसतं परवानगीत.

ज्युली : पाठव मग. नेट लागलं असेल त्याला तर बघेल.

क्षितिजा : पाठवलं. मी बॅग भरते, आंटी. उद्या चर्चच्या ग्राउंडवर सकाळची परवानगी आहे, तिथे तरी वेळेवर या.

ज्युली : मिस्साला उशीर केला तर फादर दारात उभं करतील, म्हणून येऊ. हा पुडा घे, घावन आहेत. रिक्षात खा, पाजनारीने उपाशी राहायचं नाही. ... आला गो! त्याचा व्हॉइस मेसेज आला. लाव, लाव, माझे हात ओले आहेत.

रुडॉल्फ : ज्युली... बघितलं. दोनदा बघितलं. इथे मशीनचा आवाज आहे, मोठ्याने बोलतो. गल्लीत कोनच नव्हतं ते बरं झालं. मानसं असती तर मी मानसंच बघत बसलो असतो, कोन आलं, कोन नाही. आता मी आपला चाललो. दारातून निघालो, क्रूसापाशी टोपी काढली, विहिरीपर्यंत गेलो. कळशी बघितली. प्रिन्सीला सांग. ठेवतो, साहेब बोलावतोय.

क्षितिजा : ... आंटी?

ज्युली : काय नाही. डोळ्यात काय गेलं नाही माझ्या, रडतेच आहे. तू जा, पोरगी वाट बघतेय. आनि जाता जाता बँडवाल्यांना सांग, चहा पुरे. आग्नेस येईल मागून.

क्षितिजा : अजून सात वाजले नाहीत.

ज्युली : नसू देत. नवरीचा बाप पुढे गेलाय.