दादाच्या पद्मिनीचं तेल

दादा गेल्यापासून मला घरात बसवतच नाही यार. परवा उठलो आणि त्याच्या जुन्या पद्मिनीत दुकानातलं सगळ्यात महाग, पातळ तेल ओतलं. सकाळी बघतो तर गाडीखाली काळं थारोळं! तसाच उरण नाक्याला गफूरचाचांकडे पळालो. दादाची गाडी तेच बघायचे.

"अरे पागल, जुन्या इंजिनाला जाड तेल लागतं. पातळ फटीफटीतून गळणारच."

"चाचा, मी दादाची गाडी मारली का?"

"नाय रे. जाड तेल भरू, पळेल."

"दादा असता तर कानाखाली वाजवली असती."

चाचा हसायला लागले. "त्यानं पण पहिल्यांदा हेच केलेलं. वर मला म्हणाला, चाचा, धाकट्याला सांगू नका."