हरणी कोणती?

आष्टीच्या शाळेत पुन्हा मास्तरकी मागायचा अर्ज पिशवीत घालून सुग्रीव गुरुजी थांब्याच्या भिंतीआड सावलीला बसले होते. भिंतीपलीकडं दोन बाया बोलत होत्या. त्यातला सारजाबाईचा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

"गुरुजीनं चांगली पर्मनंट नोकरी कावून सोडली गं?"

"लिवायसाठी," सारजाबाई म्हणाली. "रेडिओला लिवत्यात, पेपरात लिवत्यात, दूध संघाचा अहवाल, लग्नाच्या पत्रिका, समदंच. आमच्या चारा छावणीचा अर्ज बी त्येंचाच."

"अर्ज काय, कुणी बी लिवतं."

"कुणी बी लिवलं तर 'जनावरं एकशे बारा' एवढंच लिवतंय. गुरुजी गोठ्यागोठ्यात फिरले. एकेका जनावराचं नाव लिवलं अन् मला वाचून दावलं. मी म्हणलं, हरणी म्हातारी न्हाई, गाभण हाय. तर समदा कागद फाडला अन् पुन्हा पयल्यापासून लिवला."

"एका गाईपायी?"

"माझ्या पोराला शाळंत असंच पुन्हा लिवाय लावायचे. आता सोता लिवत्यात."

"मग, झाली का छावणी?"

"झाली की! सायब सोता आला. गाडीतून उतरल्या उतरल्या पयलं काय इचारलं, म्हाइत हाय? 'हरणी कोणती?'"

तेवढ्यात आष्टीची गाडी आली. बाया चढल्या. गुरुजी भिंतीआडून उठले, ते थेट खिडकीपाशी गेले.

"सारजाबाई, व्याली का हरणी?"

"अगं बाई, गुरुजी! कालवड झाली. चढा की, जागा हाय."

"तुमी व्हा पुढं. संघाचा अहवाल राहिलाय माझा."