जुन्या बाजारातला पाळणा

बीडच्या जुन्या बाजारात मी मिक्सरच्या भांड्याला झाकण शोधत होतो. शेजारी एक म्हातारी सागवानी पाळणा टांगून बसली होती. एका बाईनं त्याला हात लावला.

"काय कोरलाय, आक्का! दांड्यावरचे पोपट तर आत्ता उडतेत का काय! हलवून बघू?"

"थांब माय! रिकामा पाळणा हलवू नगं."

"खरं हाय. पण करकरतो का, ते कसं कळंल?"

"ह्यो माझ्याकडचा जुना वरवंटा घे. बारशाला पाळण्यात आधी ह्यालाच निजवतो ना आपण? आज बी निजव."

"आगं बया, आवाज सुदिक न्हाई! लई जपलाय. कुणाचा व्हता?"

"माझाच. सगळी लेकरं ह्यातच वाढली."

"मग इकता कावून?"

"नातवंडं तिकडं पुण्यात वाढली. ह्यो रिकामा बघवत न्हाई. मघाशी एक हॉटेलवाला शोभेला मागत व्हता, त्याला न्हाई दिला. तुझ्या घरी लेकरू हाय?"

"नात हाय, आक्का. लिंबागणेशला परवा बारसं हाय. माझा ल्योक जीवन गाडी घिऊन येईल, पहिला झोका तुमीच द्यायचा."

"यीन की. आन त्यो वरवंटा काढू नगं, माय. लिंबागणेशपतुर पाळणा रिकामा जायला नगं."