एक खोकला म्हणजे आंबेमोहर

पौडच्या थांब्यावर मुळशीची एसटी येईना. मागच्या बाकावर एक आजोबा-आजी बसले होते. आजोबांच्या मांडीवर पुण्याच्या दवाखान्याची फाइल होती.

"वास येतोय असं डाक्टरला खोटं का सांगितलं?"

"नाकामागची गाठ गेली, बास झालं. वासबी गेला हे गावाला कळलं, तर माझ्याकडं तांदूळ हुंगवून घ्यायला कोण येईल?"

"गाठ जाळायला मशिनचे पस्तीस शेक दिले, त्यात नाक भाजलं, लाज कसली? डाक्टर औषध तरी देतील."

"त्यापरीस तुझा खोकला बरा. एकदा खोकलीस की आंबेमोहर, दोनदा खोकलीस की भेसळ. वर्षात एक चूक न्हाई."

"एक झाली."

"कवा?"

"शंभू विकतचं पोतं दाखवायला आला तवा. तुमी ओट्यावर, मी चुलीपाशी. मिरचीच्या फोडणीनं ठसका लागला."

"मंजी ते खोकणं माझ्यासाठी नव्हतं?"

"न्हाई. शंभूबी शिंकत हुता की."

"मला वाटलं, त्याला सर्दी हाय. मग पोत्यात काय हुतं?"

"रेशनला येतो तसला साधा तांदूळ."

"अन् मी आंबेमोहर म्हणालो."

"काल पोरीच्या साखरपुड्याला त्यानं त्योच शिजवला. तुमी तोंड कोरडं पडतंय म्हणून घरी राहिला, ते बरं झालं."

"लोकं शिव्या देत असतील."

"कशाच्या शिव्या. तुमचं नाव घेऊन दोन-दोनदा भात घेतला. म्हणत हुती, वास पार बांधापतूर येतोय."

आजोबांनी मांडीवरची फाइल उघडली आणि पुन्हा मिटली.

"त्यास्नी किती शेक दिल्यात गं?"