गडग्यापलीकडचा दर्शन

—"दर्शनने बोट सोडली, आणि आता साडी नेसून..." एवढंच कानावर आलं बघा, तेवढ्यात काशीने मिक्सर लावला. काशी म्हणजे दर्शनची आई, हा दगडांचा गडगा संपला की त्यांचंच खळं, अंगण हो. मी आपली गडग्यावर गोधडी वाळत घालत होते — मला काय करायचंय म्हणा — पण मासेवाली सोनूबाई सांगत होती आणि मी काही बहिरी नाही. बसा ना, पाहुणे, पडवीत वारा आहे. खेडहून आलात, दर्शनचं घर विचारलंत, वर मुलगा कसा आहे म्हणालात, तेव्हाच ओळखलं मी. मुलीकडचे चौकशीला आधी शेजारीच येतात. माझ्या धाकटीच्या वेळी आम्हीपण तेच केलं.

तर मुलगा सोनं आहे. बोटीवर नोकरी, परदेशात जातो — म्हणजे जायचा — म्हणजे सुट्टीवर आहे म्हणा. लांबलीय जरा सुट्टी. त्याच्यावरूनच आधीची स्थळं मोडली, काशी रोज रडते, म्हणून सांगते, ते नमन-बिमन, खेळ्यांची नाचगाणी, मनावर घेऊ नका... नमनाचं कोणी सांगितलं? मीच? बरं, करतो थोडं. शिमग्यात आमच्याकडे कोण नाचत नाही? पण हा म्हणतो आता बारा महिने तेच, गाणीपण स्वतःच रचणार. मी समजावलं त्याला, आमच्या ह्यांच्याकडे बघ म्हटलं. एका ऑफिसात एका खुर्चीवर जन्म काढला, कधी शीळसुद्धा घातली नाही. हल्ली तेवढे संध्याकाळी भजनाला जातात. आणि उकडतं म्हणून मिशी काढली, आता तोंडावर हनुवटीवरचा तीळ तेवढा उरला. चालतातही जरा कमरेतून लचकत, मणक्याचं दुखणं असणार. ते जाऊ दे. माझी मोरपिशी साडी दोरीवरून गेली ना, तर माझा संशय दर्शनवरच — पण मला काय करायचंय म्हणा, लग्न झालं की सुटेल सवय.

उठलात का? काय? तुम्हाला मुलगीच नाही? नमनाची सुपारी द्यायला आलात? अगो बाय, मग आधी बोलायचं नाही का. बसा, बसा. सोडली हो त्याने नोकरी, अगदी कायमची, सुट्टी-बिट्टी काही नाही. गाणी काय रचतो, मी स्वयंपाक टाकून गडग्याशी उभी असते. आणि साडीत तर असा दिसतो —

नेसत नाही? तो मृदंगावर बसतो? मग साडीत कोण, मावशी? हो, नमनात असतेच ती, गवळणींबरोबर बाजाराला निघते आणि लोकांना हसवते. तुम्ही बघितलीत, गणपतीपुळ्याच्या बाजूला? पोट सुटलेलं... हनुवटीवर तीळ... साडी मोरपिशी.

असं. गडग्यावरून वाकून गावाची चौकशी करते. आणि दर वाक्यामागे काय म्हणते? परत सांगा. आणि त्यावर शिट्ट्या पडतात.

सरबत झालं ना तुमचं? मग निघा आता. सुपारी दर्शनच्या हातात द्या, काशीसमोर द्या, तिचं रडं थांबेल. आणि ती मावशी भेटली तर सांगा, साडी धुऊन, इस्त्री करून आण. रात्री जेवायला कुठे जायचं ते तिचं तिने बघावं, मला काय करायचं—